व्हिडिओ गेमचे संगीत आणि पियानो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हार्मोनिअम शिकत वाढलो, नंतर पियानोकडे वळलो आणि आता पियानो शिकवतो. शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले पहिल्याच आठवड्यात एखाद्या गेमची धून वाजवून दाखवतात आणि मग हळूच विचारतात, ‘‘हे शिकवाल का?’’ त्यांचे पालकही विचारतात, पण त्यांच्या प्रश्नाचा सूर वेगळा असतो. दोघांच्याही प्रश्नांना सविस्तर उत्तरे देता यावीत म्हणून ती येथे एकत्र लिहिली आहेत.

गेमच्या संगीताला खरोखर कला म्हणता येईल का? ते तर खेळाच्या सोयीसाठी केलेले असते.

सोयीसाठी केलेले संगीत कला ठरत नाही असे मानले, तर आपल्याला आपलाच बराच ठेवा नाकारावा लागेल. ‘संगीत सौभद्र’मधील पदे १८८२ साली नाटकासाठी बांधली गेली आणि १९११ साली गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या, त्या रंगमंचावरील प्रसंग पुढे नेण्यासाठीच. पुढे हीच पदे मैफलीत गायली जाऊ लागली आणि नाटक कधीही न पाहिलेले श्रोतेही त्यांत रमले. रचना कशासाठी केली हा एक प्रश्न आहे आणि ती मूळ जागेपासून दूर नेल्यावर उभी राहते का हा दुसरा. कलामूल्याचा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर होतो.

बाहेरची मान्यता हवी असेल तर तीही मिळालेली आहे. क्रिस्टोफर टिन यांनी ‘सिव्हिलायझेशन ४’ या गेमसाठी स्वाहिली भाषेतील प्रार्थनेला दिलेल्या संगीताला २०११ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०२३ साली ग्रॅमीमध्ये गेमच्या संगीतासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच वर्षी कोजी कोंडो यांची ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाली. हा मान मिळालेले ते पहिले गेमसंगीत. तरीही मी पालकांना या पुरस्कारांचे दाखले सहसा देत नाही. पुरस्कार ऐकून मान डोलावण्यापेक्षा त्यांनी ती धून पाच मिनिटे नीट ऐकावी, असे मला मनापासून वाटते.

तेच ते पुन्हा पुन्हा वाजत राहणारे संगीत श्रेष्ठ कसे असू शकेल?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गेमच्या संगीताचे खरे कौशल्य याच पुनरावृत्तीत आहे. ज्यांनी तबल्याचे एकल वादन ऐकले आहे त्यांना हे पटकन कळेल. तबलावादक कायदे, रेले आणि गती अशा तबल्यावरच्या रचना मांडत असतो आणि त्याच्या शेजारी हार्मोनिअम किंवा सारंगीवर एकाच आवर्तनाचा लेहरा, म्हणजे तालाचे एक चक्र भरणारी ठरलेली सुरावट, तासभर चालू असतो. लेहरा कंटाळवाणा झाला तर बैठक मरगळते, फार नटला तर वादकाचे लक्ष उडते, आणि त्यातली सम अस्पष्ट असेल तर सगळेच कोसळते. मी विद्यार्थिदशेत असे लेहरे धरले आहेत. चार ओळींची ती सुरावट तासभर ताजी ठेवणे हे मोठ्या रचनेइतकेच अवघड असते, हे मी बोटांनी अनुभवलेले आहे.

गेममध्ये तबलावादकाच्या जागी खेळणारा असतो. तो किती वेळ रेंगाळेल, कितीदा मरेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल हे संगीतकाराला ठाऊक नसते. १९७८ सालच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये खालच्या सप्तकातले फक्त चार उतरते स्वर सतत फिरत राहतात आणि शत्रू जवळ येऊ लागले की त्यांची लय वाढत जाते. चार स्वरांत एवढी धडधड निर्माण करणे ही साधी गोष्ट नाही. कोंडो यांनी मारिओची धून करताना आधी बांधलेली चाल बाजूला ठेवली आणि पडद्यावर मारिओ कसा पळतो व कसा उडी मारतो ते पाहून नव्या लयीची चाल बांधली. नाचणाऱ्याचे पाय पाहून लेहरा धरावा, तसेच हे काम होते.

पुनरावृत्तीवर दुसराही उपाय आहे आणि तो म्हणजे शांतता. ‘माइनक्राफ्ट’साठी डॅनिएल रोझेनफेल्ड यांनी केलेल्या संगीतात पियानोसारख्या मंद आवाजातल्या छोट्या रचना आहेत. खेळताना त्या मध्येच सुरू होतात, संपतात आणि नंतर बराच वेळ काहीच वाजत नाही. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७च्या सुमारास ‘फर्निचरसारखे संगीत’ अशी कल्पना मांडली होती. खोलीतल्या खुर्चीसारखे ते संगीत नुसते असावे, त्याने लक्ष वेधू नये, असा तिचा आशय होता. रोझेनफेल्ड यांचे संगीत ऐकताना मला सातींची आठवण दर वेळी येते.

जुन्या यंत्रांतून नुसती ‘टुंग-टुंग’ ऐकू यायची. त्यात संगीत ते किती असणार?

आपल्याकडे १९९०च्या दशकात घराघरांत टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यांच्या ‘कॅसेट’ मिळत, ती बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल केलेली यंत्रे होती. मूळ यंत्राच्या ध्वनी-चिपमध्ये एकूण पाच वाटा, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच स्वतंत्र आवाज, असत. दोन वाटा चौकोनी लहरींच्या, त्यांवर मुख्य सुरावट आणि तिची जोड वाजे. तिसरी त्रिकोणी लहरीची, तिच्यावर खालचे स्वर वाजत. चौथी ठेक्यासाठी खरखर निर्माण करी आणि पाचवी आधी साठवलेला एखादा लहानसा आवाज वाजवू शके. त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. ती एक तर चालू असे, नाही तर बंद.

नकली यंत्रांची आणखी एक गंमत आहे. त्यांतल्या अनेक चिपमध्ये चौकोनी लहरींचे दोन प्रकार आपापसांत बदलले गेले होते, त्यामुळे जिथे भरीव आवाज हवा तिथे नाकातला आवाज येई आणि जिथे नाकातला हवा तिथे भरीव येई. शिवाय आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीप्रमाणे सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे दाखवणाऱ्या यंत्रांत धुनेची लयही त्याच प्रमाणात उतरे. म्हणून कोणी ‘मूळ धून माझ्या आठवणीपेक्षा जलद वाटते’ असे म्हणाले, तर त्यांची आठवण चुकलेली असेलच असे नाही.

आता मारिओच्या धुनेची सुरुवात जवळून पाहू. काळी-पांढरीचा हिशेब बाजूला ठेवून ‘सी’ या पांढऱ्या पट्टीला षड्ज मानले, तर वरची सुरावट अशी होते : ग ग, ग, सा ग, प, आणि मग खालचा प. ऐकायला बालगीतासारखी. पण त्या पहिल्या गांधाराखाली दुसरी वाट तीव्र मध्यम वाजवते आणि खालच्या सप्तकात ऋषभ असतो. पियानोवर डाव्या हाताने रे, उजव्या अंगठ्याने तीव्र म आणि करंगळीने ग एकदम दाबून पाहा. जॅझमध्ये शोभेल अशी ती स्वरसंगती आहे. तीन स्वरांतच ती उभी केलेली आहे, कारण चौथ्या स्वराला वाटच उपलब्ध नव्हती. मी एकदा ही सुरुवात माझ्या हार्मोनिअमच्या गुरुजींना, ती कशातली आहे हे न सांगता, वाजवून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि एवढेच म्हणाले, ‘‘वर सा येऊन गेला, पण घर अजून आले नाही. पुढे वाजव.’’ त्यांचे म्हणणे अचूक होते. ती सुरुवात रे आणि पवर तरंगत राहते आणि मुख्य धून सुरू झाल्यावरच षड्जावर टेकते. गेम न खेळलेल्या सत्तरीच्या माणसाला ते तत्काळ ऐकू आले.

लहानपणीच्या आठवणींमुळेच हे संगीत आवडते, असे नाही का?

काही अंशी तसे आहेच आणि आठवण ही काही वाईट गोष्ट नाही. मात्र आठवण आणि गुणवत्ता वेगळ्या करायच्या असतील तर पियानोसारखी कसोटी नाही. मूळ यंत्राचा आवाज, पडद्यावरचे रंग आणि शाळा सुटल्यावरची ती संध्याकाळ, हे सारे पियानोवर गळून पडते आणि सुरावट, स्वरसंगती, लय व खालच्या स्वरांची चाल एवढेच शिल्लक राहते. लहानपणी अतिशय प्रिय असलेल्या काही धुना मी पियानोवर वाजवल्या आणि त्या दोन मिनिटांत कोमेजल्या, हे मला येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. उलट ‘फायनल फँटसी’ या गेममालिकेचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांच्या काही रचना मी मूळ गेम खेळण्यापूर्वी पियानोवर शिकलो आणि त्या आजही माझ्या रियाजात आहेत.

मग पियानोवर या संगीताचे सारे गुण उतरतात का?

नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. या संगीताचा एक मोठा गुण म्हणजे ते खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे बदलते. ‘मंकी आयलंड २’ या १९९१च्या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी यंत्रणा तयार केली होती की पात्र एका जागेतून दुसरीकडे गेले की धून मध्येच न तुटता, योग्य मात्रेवर, पुढच्या धुनेत मिसळून जाई. पियानोवर वाजवताना यातला एकच मार्ग निवडावा लागतो.

दुसरे उदाहरण १९९४च्या ‘फायनल फँटसी ६’मधील ऑपेराच्या प्रसंगाचे. ज्या यंत्रासाठी तो गेम होता त्यात सर्व वाद्यांचे आवाज आणि धुनेची माहिती मिळून ध्वनीसाठी ६४ किलोबाइट एवढीच जागा होती. सीडीच्या दर्जाचा आवाज तसाच साठवायचा म्हटले तर तेवढ्या जागेत अर्धा सेकंदही मावत नाही. माणसाचे गाणे त्यात बसणे शक्यच नव्हते, म्हणून उएमात्सु यांनी गळ्यासारखा भासणारा एक कृत्रिम आवाज वापरला. गाण्याचे शब्द पडद्यावर उमटतात आणि पुढची ओळ कोणती ते खेळणाऱ्याला आठवून निवडावे लागते. चुकले तर प्रयोग फसतो. पियानोवर ती सुरावट अतिशय सुंदर वाजते, परंतु ओळ विसरू नये म्हणून छातीत होणारी ती धाकधूक पियानोवर आणता येत नाही.

हल्लीच्या गेममध्ये पूर्ण ऑर्केस्ट्रा असतो. ते संगीत अधिक श्रेष्ठ समजावे का?

वाद्यांची संख्या वाढली म्हणून रचना श्रेष्ठ होत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा यांनी १९८७ सालीच त्या मालिकेतील संगीताची सार्वजनिक मैफल टोकियोत केली होती आणि त्या धुना चिपच्या मोजक्याच वाटांसाठी लिहिलेल्या होत्या. मूळ बांधणी पक्की होती म्हणून त्यांना वाद्यवृंदाचा भार पेलला. आज भव्य वाद्यवृंदात ध्वनिमुद्रित झालेल्या अनेक रचना पियानोवर आणल्या की हाती फक्त दीर्घ स्वर आणि ढोलांचा गजर उरतो. त्या प्रसंगाला शोभत असतीलही, पण वाजवणाऱ्याच्या बोटांना त्यांत काही मिळत नाही.

नवशिक्याने कोणत्या रचनांपासून सुरुवात करावी?

‘झेल्डा’ मालिकेतील राजकुमारीचे अंगाईगीत मी सर्वांत आधी देतो. तीन-तीन मात्रांची संथ चाल आहे आणि ‘जी’ला षड्ज धरले तर मुख्य सुरावट ग, प, रे अशी सुरू होते. १९९८च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये खेळणाऱ्यालाच पाच बटणांवरून पाच स्वर काढून अशा धुना वाजवाव्या लागतात, त्यामुळे ज्या मुलांनी तो गेम खेळला आहे त्यांना सुरावट आधीच पाठ असते आणि शिक्षकाचे निम्मे काम झालेले असते.

त्यानंतर ‘फायनल फँटसी’ मालिकेचा आरंभीचा प्रेल्यूड द्यावा. सा रे ग प हे चार स्वर सप्तकामागून सप्तक चढत जातात आणि तसेच उतरतात. मग हाच आकृतिबंध खालच्या धैवतापासून ध नि सा ग असा येतो. स्वर सोपे असले तरी एका हातातून दुसऱ्या हातात ती माळ न तुटता सोपवणे हा उत्तम रियाज आहे. ऐकणाऱ्याला हात बदलल्याचे कळता कामा नये.

‘फायनल फँटसी १०’च्या आरंभी येणारी ‘टू झानार्कंड’ ही रचना मुळातच पियानोसाठी आहे. तिच्यात सुरावट आणि साथ दोन्ही उजव्या-डाव्या हातांत सतत गुंतलेली असतात, म्हणून किमान दोन वर्षे शिकल्यानंतर ती घ्यावी. आणि मारिओ मात्र नवशिक्याने लगेच घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. ती धून सर्वांना येते असे वाटते आणि तिथेच फसगत होते. डावा हात मात्रेच्या मध्ये पडत असतो आणि उजव्या हातात मंद्र प, ग, प हे तीन स्वर दोन मात्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तिश्र जातीप्रमाणे, बसवायचे असतात. दोन्ही हात वेगवेगळे पक्के झाल्याशिवाय ते एकत्र आणू नयेत.

‘असले वाजवल्याने हात बिघडतो’ असे आमचे शिक्षक म्हणतात. ते खरे आहे का?

हात चुकीच्या बोटांनी आणि ताठ मनगटाने बिघडतो, रचनेमुळे नाही. अर्थात शिक्षकांच्या काळजीत तथ्य आहे. मुले व्हिडिओत पट्ट्यांवर पडणाऱ्या रंगीत पट्टिका पाहून धून उचलतात, त्यात कोणते बोट कुठे ठेवायचे हे कळत नाही आणि सारे एकाच जोराने वाजवले जाते. ही सवय पुढे मोडायला महिने लागतात. मी स्वतः विद्यार्थ्यांना एक शास्त्रीय रचना, एक स्वरालंकार आणि एक गेमची रचना असे तिन्ही एकाच वेळी देतो आणि तिन्हींना बोटांचे आकडे लिहायला लावतो.

आपल्या शिक्षकांना एक गोष्ट नम्रपणे जरूर सांगावी. १९८९च्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरील ‘टेट्रिस’मध्ये जी तिसरी धून निवडता येते ती पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातील थोर रचनाकार योहान सेबास्टियन बाख यांच्या तिसऱ्या फ्रेंच सुइटमधील, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतील, मिन्युएट आहे. आणि जी पहिली धून जगभर ‘टेट्रिसची धून’ म्हणून ओळखली जाते ती ‘कोरोबेइनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातील रशियन लोकगीत आहे.

मी हार्मोनिअम वाजवतो. मला काय वेगळे शिकावे लागेल?

आपला उजवा हात बहुधा तयार असेल, कारण सुरावट ऐकून लगेच काढण्याची सवय आपल्याला आहे. डावा हात मात्र आजवर भाता हलवत आला आहे आणि त्याला आता स्वतंत्र सुरावट वाजवायची आहे, याची मानसिक तयारी ठेवावी. हार्मोनिअमवर आवाजाची उठावणी भात्यातून येते, पियानोवर ती प्रत्येक बोटाच्या वजनातून येते. हार्मोनिअमचा स्वर पट्टी दाबून ठेवली तोवर टिकतो, पियानोचा दाबल्या क्षणापासून विरू लागतो.

येथे जुन्या चिपचा मुद्दा पुन्हा उपयोगी पडतो. मूळ धुनेत खालच्या स्वरांचा आवाज एकसारखा असला तरी पियानोवर डावा हात तसाच ठोकला तर वरची सुरावट गाडली जाते. तसेच मूळ रचनेत तीन स्वर अतिशय वेगाने एकामागून एक फिरताना ऐकू आले, तर ती बहुधा एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, असते. १९८२च्या कमोडोर ६४ या संगणकात तीनच वाटा होत्या, म्हणून संगीतकार एकाच वाटेवर स्वर झरझर फिरवून कॉर्डचा भास निर्माण करत. पियानोवर हे स्वर एकदम दाबावेत. ती थरथर बोटांनी नक्कल करायला जाऊ नये.

वाद्य कोणते घ्यावे?

८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्या आणि पेडल (पायाने दाबून स्वर लांबवण्याची सोय) असलेला डिजिटल पियानो घेता आला तर उत्तम. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सुरुवात करायला हरकत नाही, पण त्याच्या पट्ट्या दाबाप्रमाणे आवाज बदलणाऱ्या असाव्यात, नाही तर वर सांगितलेल्या कशाचाही उपयोग होणार नाही.

नोटेशन कुठून मिळवावे? ऐकून काढले तर चालेल का?

जपानमध्ये पियानोसाठी केलेल्या अधिकृत आवृत्त्यांची परंपरा जुनी आहे. ‘फायनल फँटसी ४’ची पियानो आवृत्ती १९९२ सालीच निघाली होती आणि नंतरच्या अनेक भागांची निघत गेली. अशा छापील आवृत्त्या विकत घेणे योग्य, कारण त्यांत बोटांचा आणि पेडलचा विचार केलेला असतो.

तरीही एक तरी धून स्वतः ऐकून काढावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. आधी फक्त खालचे स्वर लिहावेत, मग वरची सुरावट आणि शेवटी मधला आवाज. मधला आवाज शोधताना कान सर्वांत जास्त तयार होतो. कधी कधी दुसरी वाट वेगळे काही वाजवतच नाही, पहिलीचीच सुरावट जराशी उशिरा आणि हळू आवाजात वाजवून घुमाऱ्याचा भास निर्माण करते. ते काम पियानोवर पेडल करते.

वाजवलेले ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकता येईल का?

घरी, स्वतःसाठी किंवा शिकण्यासाठी वाजवायला अडचण नाही. सार्वजनिक कार्यक्रम करायचा किंवा ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचे असेल तर हक्कांचा विचार करावा लागतो. भारतीय कायद्याप्रमाणे संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो, म्हणून गेमसाठी नव्याने केलेले बहुतेक सारे संगीत आजही हक्कांच्या कक्षेत आहे. ‘कोरोबेइनिकी’सारखे जुने लोकगीत त्यातून मोकळे आहे, पण त्याची कोणी केलेली नवी मांडणी मोकळी नाही.

मूळ धून तर कधी संपतच नाही. मग पियानोवर वाजवताना ती कुठे थांबवावी?

हा प्रश्न मला एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारला. ध्वनिमुद्रणात आवाज हळूहळू मिटवता येतो, पियानोवर तसे केले तर वादकाचे मन उडाल्यासारखे वाटते. काही जण अखेरीस स्वतःची मोठी सांगता जोडतात. मारिओच्या बाबतीत ती त्याच गेममध्ये तयार सापडते. एखादा टप्पा पार झाला की कोमल धैवतावरची कॉर्ड, कोमल निषादावरची कॉर्ड आणि मग षड्जावरची कॉर्ड अशी झेप ऐकू येते, ती येथे जोडली तर चपखल बसते.

इतर धुनांसाठी मी लेहऱ्याचा मार्ग सांगतो. पूर्ण फेरा दोनदा वाजवावा. पहिल्यांदा जसा आहे तसा, दुसऱ्यांदा डावा हात किंचित हळू ठेवून. तिसऱ्या फेऱ्याची सुरुवात करावी, पहिल्या मात्रेवर पहिली कॉर्ड दाबावी आणि तिथेच, समेवर, थांबावे. पेडल लगेच उचलू नये. स्वर पूर्ण विरेपर्यंत हात पट्ट्यांवरच ठेवावेत.